चावण्यात वेळ दवडू नये

सोलापुरात राहून पोटाची काळजी करणे हा ज्याच्या त्याच्या भित्रेपणाचा प्रश्न आहे. तरीही आपले पचन फारच सुरळीत चालले असल्याची तक्रार कोणा वाचकाची असेल, तर त्याने पुढील मार्गदर्शन मनावर घ्यावे.

सर्वप्रथम घास चावण्याची सवय सोडावी. निसर्गाने प्रौढ माणसाला ३२ दात दिले आहेत खरे, पण ते लग्नाच्या अल्बमसाठी आहेत असे समजून चालावे. कडक भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत बसले, तर लाळेतील अमायलेज नावाचे विकर ज्वारीच्या पिठूळ भागाची साखर करू लागते आणि चांगला झणझणीत घास विनाकारण गोडसर लागतो. शरीर दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ तयार करते, पण तिच्यासाठी थांबायला आपल्याला वेळ कुठे आहे? भाकरी रश्श्यात चुरावी, भुरका मारावा आणि उरलेले पाण्याने ढकलावे. जठराला दात नसतात, हे ज्याचे त्याने बघावे. त्याला स्नायूंचे तीन थर आहेत, बसेल घुसळत.

हे जठर मुळात सोशिक आहे. हायड्रोक्लोरिक आम्लासारखा जहाल पदार्थ ते स्वतःच पाझरते आणि आपलीच भिंत पचू नये म्हणून आतून बुळबुळीत श्लेष्माचे अस्तर लावून घेते. हे अस्तर फाटून व्रण झाला की आपण पूर्वी शेंगाचटणीला बोल लावून मोकळे होत असू. ही सोय बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी काढून घेतली. जठरातील बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो, असे त्यांचे म्हणणे होते. कोणी ऐकेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन दाखवले आणि जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले आणि आपली चटणी निर्दोष सुटली. तरीही निराश होऊ नये. गुडघेदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी, मनाला येईल तितक्या घेतल्या, तर त्याही हे काम चोख करतात.

लहान आतड्याचा गर्व मात्र उतरवायला हवा. सुमारे सहा मीटर लांब, म्हणजे सहावारी साडीहूनही थोडे अधिक, आणि आतून आपल्या सोलापुरी टॉवेलसारखे बारीक उभ्या फंद्यांचे. फंद्यांनी पृष्ठभाग वाढतो म्हणून टॉवेल पाणी भराभर टिपतो, त्याच कारणाने आतड्याचे हे फंदे, म्हणजे रसांकुर, अन्नरस शोषतात. वर हे अस्तर चार-पाच दिवसांत नवे विणले जाते. इतका उद्योगी विणकर तर सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीतही सापडायचा नाही. पुढचे मोठे आतडे उरलेले पाणी शोषून घेण्याच्या कामावर असते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाणी कमी प्यावे. सकाळचा कार्यक्रम किती लांबतो ते पाहावे.

आता मुख्य साधना. रात्री अकरानंतर तेलाची तर्री तरंगणारे मटण खावे आणि लगेच आडवे व्हावे. स्निग्ध पदार्थ जठरातून पुढे सरकायला तासन्‌तास घेतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक वर्तुळाकार स्नायू झडपेसारखा मिटलेला असतो, पण भरलेले जठर आडवे पडले की तो तरी किती तग धरणार?

हा प्रयोग मी स्वतः केला आहे. मागच्या हंगामात मंगळवेढ्याकडच्या एका शेतावर हुरडा, दही, गूळ, मग पुन्हा हुरडा आणि त्यावर मटण असा क्रम राखून मी लिंबाच्या सावलीत बाजेवर पडलो. तासाभरात छातीत अशी आग उठली की मंडळींनी मला गाडीत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, दोनदा पाहिला आणि विचारले, “काका, हृदय ठणठणीत आहे. हुरडा किती खाल्ला?”

“चवीपुरता,” मी म्हणालो.

त्यांनी काही न बोलता आलेखाची घडी घालून माझ्या हातात दिली. शेंगाचटणीच्या बरणीतून तेल पाझरते, ते टिपायला तो कागद अजून फडताळात अंथरलेला आहे.