हा झटपट उपाय नाही
तुमच्या लेखात वजन कमी करण्यासाठीच्या बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेला ‘झटपट उपाय’ म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी ही त्यातलीच एक शस्त्रक्रिया झाली आहे. यात जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. सुरुवातीला नुसतं वरणाचं पाणी, ताक, तेही घोट-घोट. पुढे मऊ भात सुरू झाला, तर चार चमच्यांतच पोट गच्च, आणखी एक घास घेतला की छातीत कळ. जेवताना पाणी बंद. काही महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळायला लागले तेव्हा फार रडले. आहारतज्ज्ञ ताईंनी रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं घ्यायला लावली, मग हळूहळू गळणं थांबलं. बी-12, लोह, कॅल्शियम मात्र कायमचं. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, जिना चढता येतो, त्यामुळे निर्णयाचं समाधान आहेच. फक्त अशा माणसाला ‘अगं, एवढंसंच? अजून अर्धी पोळी घे’ असा आग्रह करू नका, हेही लेखात कृपया जोडा.