रंगभवनाच्या भिंतीबाहेर

मुंबईत धोबीतलावला असलेलं रंगभवन हे बंद पडलेलं खुलं नाट्यगृह पुन्हा सुरू करावं का, यावरून परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चांगलीच जुंपली. काकांचं म्हणणं, आजूबाजूला कामा आणि जीटी रुग्णालय आहे, झेवियर्स कॉलेज आहे, तिथे दणदणाट नकोच. पुतण्या म्हणाला, मग मिरवणुकीतल्या डीजेला कोण अडवतं?

मी लंडनमध्ये बसून हे वाचत होतो. आम्ही गिरगावातले. १९८८ साली ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या रॉक बँडची पहिली कॅसेट आली, ती दादाने आणली. वेष्टनावर गिटारवादकाचं नाव होतं महेश तिनईकर. इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटवर आपल्यातलं आडनाव! मी त्यावरून कितीदा तरी बोट फिरवलं असेल. पुढे रंगभवनात ऑगस्टमध्ये होणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या रॉक संगीताच्या महोत्सवाला दादा मला घेऊन गेला, पण तिकिटाचे पैसे नव्हते. आम्ही भिंतीबाहेर, पावसात, एका छत्रीत. रंगभवनाला छप्पर नाही, त्यामुळे गाणं सरळ रस्त्यावर यायचं. ड्रमचा ठोका छत्रीच्या दांडीतून हाताला लागत होता. ‘रॉक मशीन’चा गायक उदय बेनेगलचा आवाज चढला की दादा माझा खांदा दाबायचा.

पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला: रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत दणदणाट नको. रंगभवनातले कार्यक्रम थांबले. १९७८ पासूनच्या ‘जॅझ यात्रा’ या जॅझ संगीताच्या महोत्सवाच्या आठवणीही तिथल्याच.

काकांचा मुद्दा मला मनापासून पटतो. आजारी माणसाची झोप गाण्यापेक्षा मोठीच. पण इथे लंडनमध्येही नियम कडकच आहेत. १४ जुलै २०१२ ला हाइड पार्कमध्ये अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनसोबत ‘बीटल्स’चे पॉल मॅकार्टनी गायले. ठरलेली वेळ उलटून गेली होती, म्हणून ध्वनियंत्रणाच बंद केली. मी त्या गर्दीत होतो, फार चिडलो होतो. पण पुढच्याच उन्हाळ्यात त्याच बागेत पुन्हा मैफली झाल्या. वेळेचं बंधन राहिलं, जागाही राहिली.

आपण मात्र जागाच घालवली आणि तिच्या बदल्यात काही दिलं नाही. रुग्णालयापासून दूर, लोकलने पोचता येईल असं, परवडणाऱ्या भाड्याचं एक खुलं नाट्यगृह महापालिकेने किंवा सरकारने आजवर बांधायला हवं होतं. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं. काकांनी पसंतीचा अंगठा पाठवला. दादाने त्या कॅसेटचा फोटो पाठवला, वेष्टन एका कोपऱ्यात फाटलंय.