रोल नंबर ३१चे बाबा

लेक पाचवीत असेपर्यंत शाळेच्या बातम्या मला दारातच मिळायच्या. कोणाची कोणाशी कट्टी झाली, कोणाच्या डब्यातलं लोणचं गणिताच्या वहीवर सांडलं, पीटीचे सर दोरीउड्या शिकवताना स्वतःच कसे अडकून पडले. बूट काढून होईस्तोवर निम्मं बातमीपत्र संपलेलं असायचं. सहावीत गेली आणि प्रक्षेपण बंद पडलं.

"आज काय झालं शाळेत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही न बाबा."

साठ पोरांच्या वर्गात साडेपाच तास बसून येते, आणि तिथे काही म्हणता काही घडत नाही. एवढी शांतता तर आमच्या ऑफिसात रविवारीसुद्धा नसते.

नेमकी तेव्हाच शाळा बोलायला लागली. म्हणजे बोलत आधीपासूनच होती, पण ते ऐकायचं खातं हिच्याकडे होतं. "पाचवीपर्यंत मी पाहिलं, आता तुम्ही पाहा. तुमचीही पोरगी आहे न ते," असं म्हणून ही त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपमधून बाहेर पडली आणि पाच मिनिटांत मला आत घेण्यात आलं. रात्री झोपताना ही इतकी प्रसन्न होती, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ग्रुप एक नाही. 'अधिकृत' नावाचा एक आहे, त्यात वर्गशिक्षिका मॅडम आहेत. दुसऱ्यात मॅडम नाहीत, म्हणून खरं बोलणं तिथे चालतं. तिसरा व्हॅनचा. शिवाय शाळेचं ॲप, आणि दप्तरात एक डायरी. डायरीत रोज पालकांची सही लागते, आणि त्या सहीचा सराव माझ्यापेक्षा लेकीचा जास्त आहे. या ग्रुपांवर कोणालाही स्वतःचं नाव नाही. साहेब असा, डॉक्टर असा, की वकील, इथे तुम्ही पोराच्या हजेरीक्रमांकाने ओळखले जाता. मी रोल नंबर ३१चे बाबा. सकाळी सहाला सूर्योदयाचं चित्र टाकणारे ते ४४चे आजोबा. आणि रोल नंबर १२ची आई ही आमची वृत्तसंस्था. मेसेज यायच्या आधी तिला माहीत असतो.

शाळेची सूचना टाइप होऊन येत नाही. नोटीस बोर्डावरच्या कागदाचा आडवा फोटो येतो. तो सरळ करायला फोन फिरवावा, तर फोटोही फिरतो. शेवटी मी फोन टेबलावर ठेवून मान वाकडी करून वाचायला शिकलो. 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' इथवर सगळं स्वच्छ दिसतं. पुढे कागद धरणाऱ्या मॅडमचा अंगठा असतो. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर सांगतो, हा अंगठा नेहमी तारखेवरच असतो. मग ग्रुपवर 'तारीख काय आहे?' असं एकोणीस जण विचारतात, आणि उत्तर म्हणून मॅडम तोच फोटो पुन्हा टाकतात.

आमचं वर्ष सुरूही उशिरा होतं. जूनच्या मध्यात बाकी महाराष्ट्राची शाळा भरते, तेव्हा विदर्भात ऊन उतरलेलं नसतं. २०२५ साली तिकडे १६ जूनला घंटा झाली, आमच्याकडे २३ जूनला. त्या आठवड्यात पुण्याच्या भाचीचे नवीन दप्तराचे फोटो पाहून आमच्या ग्रुपवर 'आपली पोरं मागे पडून राहिली' अशी हाकाटी सुरू झाली. परीक्षेच्या वेळी मात्र आम्हाला कोणी सवलत दिली नाही. त्याच वर्षी सगळ्या राज्याचं वेळापत्रक एक झालं आणि पेपर २५ एप्रिलपर्यंत गेले. एप्रिलच्या शेवटी नागपुरात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडताना विचार करतं, आणि आमची कन्या रुमालात कांदा बांधून भूगोलाला गेली. कांदा आजीचा. भूगोल ज्याचा त्याचा.

पावसाळ्यातल्या सुट्टीची गोष्ट वेगळीच. ढग फुटून पडत असतो, पोरगी आंघोळ करून, वेणी घालून, रेनकोट चढवून फाटकाशी उभी असते, व्हॅन येते, ती जाते. आणि व्हॅन चौकातून वळताच मेसेज येतो: 'मा. जिल्हाधिकारी यांच्या आदेशान्वये आज शाळेस सुट्टी.' मग तिसऱ्या ग्रुपवर व्हॅनवाल्या भाऊंच्या नावाने एकच धावा.

यातला एक दिवस मात्र चेष्टेचा नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. रात्रभर कोसळला होता, अंबाझरी तलाव ओसंडून वाहायला लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. तेव्हा लेक पाचवीत होती, फोन हिच्याकडे. त्या पहाटे ग्रुपवर ना सूर्योदय आला ना सुविचार. कोणाच्या घरात गुडघाभर पाणी आहे, कोणाच्या गच्चीवर जागा आहे, कोणाकडे गॅस चालू आहे, एवढंच. आमच्याकडे दोन कुटुंबं दिवसभर होती. त्यांची नावं मला तेव्हा कळली. आता पुन्हा ते १७ आणि २६ आहेत.

श्रावण संपला की पोळा, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या दिवशी नागपुरात स्थानिक सुट्टी असते, कारण मारबतीच्या, म्हणजे गावातली रोगराई सोबत घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीने महाल-इतवारीत मुंगीला शिरायला जागा नसते. पण सुट्टी पोरांना. पालकांना सूचना आली: 'पाल्याचा लाकडी बैलासह दोन मिनिटांचा व्हिडिओ सायंकाळी पाचपर्यंत पाठवावा.' तेरा वर्षांची व्हायला आलेली मुलगी लाकडी बैलाची दोरी धरून कॅमेऱ्यासमोर उभी करून दाखवा, मी तुमची ओळख ठेवीन. अखेर शेजारचं तीन वर्षांचं पोरगं बैलासह उभं केलं आणि कन्येने मागून निवेदन केलं. तिचा चेहरा दिसला नाही, तीच तिची अट होती. मी मात्र त्या सकाळी इतवारीत जाऊन आलो. १८८५ पासून निघणारी पिवळी मारबत समोरून गेली, लोक 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ओरडत होते, आणि मी हात उंचावून, अगदी घसा खरवडून, आमच्या तिन्ही ग्रुपांची नावं घेतली. बाजूचा माणूस म्हणाला, "कोणती शाळा भाऊ?" सांगितलं. म्हणाला, "आमचेही टाका त्याच्यात."

मारबतीने ऐकलं नाही. दिवाळीआधी 'अपार' आलं. विद्यार्थ्याचा बारा अंकी कायमचा क्रमांक. त्यासाठी आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळायला हवं. आमच्या आडनावात शाळेने इंग्रजी 'ए' दोनदा लावलाय, आधारवाल्यांनी एकदा. एका 'ए'साठी मी तीन अर्ध्या रजा टाकल्या. पहिल्या दिवशी "लिंक नाही न भाऊ," दुसऱ्या दिवशी "जन्मदाखला ओरिजिनल लागते," तिसऱ्या दिवशी केंद्र दुसरीकडे हललेलं. चौथ्या खेपेला काम झालं. खिडकीतल्या मुलाने आधारवरचा फोटो पाहिला, मग माझ्या शेजारी कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या कन्येकडे पाहिलं. फोटो पाचव्या वर्षी अपडेट केला तेव्हाचा आहे, समोरचे दोन्ही दात नाहीत. "हे तेच आहे का?" त्याने विचारलं. बायोमेट्रिक आता पंधराव्या वर्षी. तोवर दात नसलेलीच जाणार सगळीकडे. त्या दिवशी परतताना ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, म्हणजे नेहमीसारखंच.

डिसेंबरात अधिवेशन. १९५३ च्या नागपूर करारात दरवर्षी एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं, तेव्हा करणाऱ्यांच्या डोक्यात शाळेच्या व्हॅनचा विचार नसावा. मोर्चे, बॅरिकेड, वळवलेले रस्ते. सिव्हिल लाइन्सवरून येणारी व्हॅन कुठून कुठे फिरून यायची ते रोज सकाळी ठरायचं. पण दोन आठवडे पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. विधानभवनात जे चालतं तेच आमच्या दुसऱ्या ग्रुपवर बारा महिने चालू असतं. स्नेहसंमेलनाच्या वर्गणीवर हरकतीचा मुद्दा येतो, १२ची आई लक्षवेधी मांडते, ४४चे आजोबा विषय सोडून स्वातंत्र्यलढ्यावर बोलतात, कोणीतरी सभात्याग करतं आणि संध्याकाळी त्यांना पुन्हा आत घ्यावं लागतं. ठराव एकही मंजूर होत नाही. वर्गणी मात्र सगळे भरतात.

या सगळ्यात माझ्या पोरीचं शाळेत काय चाललंय, हे कोणीच सांगत नाही. ते मला व्हॅनवाल्या भाऊंकडून कळतं. एकदा भाडं द्यायला खाली गेलो तर म्हणाले, "ताईचा खोखोत दुसरा नंबर आला न. काहून, तुम्हाला माहीत नाही?" ॲपवर त्या दिवशी क्रीडांगण स्वच्छता सप्ताहाचे चाळीस फोटो होते.

आता दुधाचं. जानेवारीतला शुक्रवार, रात्रीचे पावणेदहा, बाहेर दात वाजवणारी थंडी. मी पांघरुणात शिरलोच होतो. अधिकृत ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला आणि मी चष्मा शोधेपर्यंत उडाला. 'हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.'

डिलीट झालेल्या सूचनेइतकी गंभीर सूचना दुसरी नाही. पण १२च्या आईने वाचला होता. वाचला काय, स्क्रीनशॉट काढला होता. दुसऱ्या ग्रुपवर तो लगेच आला: 'उद्या सकाळी दूध अर्धा लिटर, लिंबं दोन, कोथिंबीर. विसरू नको.'

'नको' हा शब्द तेव्हाच कोणाला तरी खटकायला हवा होता. पण उद्या शनिवार होता. २०२४ पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' असतो, दप्तराशिवाय. त्या आनंदापायी आजवर आम्ही वाळलेली पिंपळपानं, नारळाच्या शेंड्या आणि आजोबांची जुनी टोपी पाठवली होती. कोथिंबीर त्यामानाने सरळच म्हणायची.

कन्या अभ्यासाच्या टेबलावरून न वळता म्हणाली, "बाबा, ते मॅडमच्या घरचं सामान आहे."

"तुला काय कळतं? सूचना आहे ती."

४४च्या आजोबांनी दूध आणि लिंबू हा विरुद्ध आहार असल्याबद्दल लेखी निषेध नोंदवला. तोवर मी मफलर गुंडाळून स्कूटर काढली होती. त्रिमूर्तीनगरातली पहिली डेअरी बंद. दुसरी बंद. तिसऱ्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं आणि त्याच्याखाली वाकून दोन पुरुष कोथिंबिरीची घासाघीस करत होते. एकाच्या अंगात स्वेटरवर रेनकोट. आमची नजरानजर झाली.

"अकरा?" मी विचारलं.

"नाही, सतरा. हे बावीस. तुम्ही?"

"एकतीस."

सतराला मी ओळखायला हवं होतं, पुराच्या दिवशी माझ्याच घरी जेवला होता. पण तेव्हा कानटोपी नव्हती. दुकानदाराने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि लिंबाचा भाव वाढवला.

शनिवारी दुपारी लेक घरी आली ती बूट न काढता थेट स्वयंपाकघरात. अठरा जणांनी दूध आणलं होतं, बाबा! अठरा! मॅडम वर्गात आल्या, टेबलावर पिशव्यांची रांग पाहिली आणि मटकन खुर्चीत बसल्या. मग हसायलाच लागल्या, थांबेचनात. त्यांच्या घरी सकाळी चहाच झाला नव्हता, कारण मिस्टरांना जायचा मेसेज आपल्याला आला न! मग विज्ञानाचे सर आले. म्हणाले, आता नऊ लिटर आहेच तर काय करता. पोषण आहाराच्या शेगडीवर मोठं पातेलं चढवलं, लिंबं पिळली, दूध फाटलं आणि पीटीच्या सरांच्या कोऱ्या पंच्यातून गाळलं. पंचा पिवळा झाला. पीटीचे सर म्हणाले, बायकोने पाहिलं तर ती मला पंच्यासकट गाळेल. ती हे सांगताना त्यांची मान हलवायची नक्कल करत होती. मधेच हिला हाक मारली, "आई, तू पण ऐक न." पनीर सगळ्यांना मीठ लावून मिळालं. कोथिंबीर कोणी खाल्ली नाही. एक दुधाची पिशवी न फोडता मॅडमना घरी न्यायला दिली. ती आपलीच होती, बाबा. कोपरा फाटलेली.

अर्धा तास बोलत होती. मी फोडणी करपू दिली.

चार वाजता अधिकृत ग्रुपवर सूचना आली. या वेळी टाइप केलेली, अंगठा नसलेली: 'आजच्या आनंददायी शनिवार उपक्रमास पालकांनी दिलेल्या उत्स्फूर्त प्रतिसादाबद्दल शाळा आभारी आहे.' खाली बावन्न अंगठे उमटले.

सोमवारी ती आली, बूट काढले.

"आज काय झालं शाळेत?"

"काही नाही."

मंगळवारी काही नाही. बुधवारी, गुरुवारीही नाही. शुक्रवारी रात्री पावणेदहाला मी अधिकृत ग्रुप उघडून बसलो होतो. मॅडमच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असं आलं. मग गेलं. पुन्हा आलं.

ही शेजारून म्हणाली, "मफलर काढून ठेवू का?"