पाळण्यातले पाय आणि पाच तारे

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे चाहते व्हायचं ठरवलंय ना? मग आधी सामने बघणं सोडा. सामन्यात आपला संघ हरू शकतो. त्यापेक्षा भरतीची क्रमवारी बघा, म्हणजे शाळेतली कुठली पोरं कुठल्या कॉलेजच्या संघात चालली याची. सतरा वर्षांच्या पोरांना पाचपर्यंत तारे वाटणाऱ्या साइट्स वर्षाचे बारा महिने चालू असतात आणि तिथे कुणाचा पराभव होत नाही.

डिसेंबरात पोरांनी कॉलेजांशी करार करायचा सह्यांचा दिवस येतो, त्या दिवशी ऑफिसात सुट्टी टाका. शाळेच्या जिममध्ये टेबल, टेबलावर तीन कॉलेजांच्या तीन टोप्या. पोरगा एकीला हात लावतो, मागे घेतो, दुसरीकडे बघून हसतो. शेजारी बसलेल्या आजीच्या जॅकेटमधून टी-शर्टचा रंग डोकावत असतो, म्हणजे निकाल फुटलेलाच असतो. तरी तुम्ही श्वास रोखून धरायचा.

तारे ठरतात कसे, असं विचारू नका. पाच ताऱ्यांची पोरं वर्षाला साधारण ३२, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू निवडीच्या, पहिल्या फेरीत ३२ जागा. देव दरसाल मोजून तेवढीच घडवतो. अलाबामासारख्या बड्या कॉलेजाने विचारणा केली की पोराचा तारा बरेचदा वाढतो, आणि असे तारे मिळाले म्हणून अलाबामाचा नंबर वाढतो. मोठ्या घरातून मागणी आली की मुलगी नाकीडोळी नीटस ठरते, त्यातलीच गत.

आता वाद घालायला शिका. कुणी टेक्सास ए अँड एम या कॉलेजाचं नाव काढेल. २०२२ साली त्यांनी तोवरची सगळ्यात भारी भरती केली, आणि त्याच मोसमात घरच्या मैदानावर ॲपलाचियन स्टेट या छोट्या कॉलेजाकडून १७-१४ हरून शेवटी ५ विजय, ७ पराभवांवर थांबले. तुम्ही म्हणा, "पोरं लहान आहेत, दोन वर्षं थांबा." पुढच्याच वर्षी प्रशिक्षक जिंबो फिशरना घरी पाठवलं, तेही साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं कबूल करून. तुम्ही म्हणा, "बघा, दोष ताऱ्यांचा नव्हता."

उलट जॉर्जियाने जानेवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) ६५-७ असं धुतलं, तेव्हा मात्र तारेच बोलले म्हणायचं. त्या दिवशी सहा टचडाउन ज्याच्या नावावर लागले, तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा गडी, स्टेट्सन बेनेट त्या कॉलेजात पहिल्यांदा आला तो शिष्यवृत्तीविना, ही गोष्ट चारचौघांत काढू नका.

(खरं सांगायचं तर या खुळात तथ्य आहे. बड एलियट या पत्रकाराचा ठोकताळा असा, की चार वर्षांच्या भरतीत निम्म्याहून जास्त पोरं चार-पाच ताऱ्यांची नसतील तर विजेतेपद विसरा. वर्षानुवर्षे तो चुकला नाही. कारण साधं आहे. मोसम लांबतो, गुडघे जातात, आणि जॉर्जियाच्या जखमी गड्यामागे तसाच दुसरा उभा असतो. टीसीयूच्या मागे नसतो.)

पण मग इंडियाना आलं. बास्केटबॉलचं गाव, फुटबॉलमध्ये पराभवांच्या यादीत वर्षानुवर्षे अग्रभागी. २०२४ च्या मोसमासाठी प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले, येताना जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या कॉलेजातले तयार गडीही घेऊन आले. कोवळ्या पोरांचे पाळणे हलवत बसण्यापेक्षा त्यांनी कॉलेजात खेळून मुरलेले खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, उचलले. जानेवारी २०२६ मध्ये अंतिम सामन्यात मायामी विद्यापीठाला २७-२१ हरवून इंडियाना एकही सामना न गमावता विजेतं. ताऱ्यांच्या हिशोबात हे बसतच नव्हतं.

घाबरू नका. पोर्टलमधून येणाऱ्यांनाही आता तारे देतात. इंडियानाचे तारे तिथून धरा, कमी पडले तर खेळाडूंची वयं धरा, तरी कमी पडले तर प्रशिक्षकालाच पाच द्या. बेरीज जुळेपर्यंत मोजत राहा.