'अनधिकृत' पुस्तकाला मिळालेला एक स्टार: दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय आला त्याच दिवशी वाचला. उत्तराला उशीर झाला, कारण आधी त्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती कपाटातून काढून पाहायच्या होत्या.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हॅरी पॉटरच्या सात कादंबऱ्यांना खेटून आम्ही एक संदर्भकोश ठेवला होता, तो अधिकृत समजून तुम्ही घेतलात आणि घरी गेल्यावर खरं काय ते कळलं. ज्या पुस्तकाविरुद्ध हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंगबाई कोर्टात जिंकल्या तेच आम्ही विकतो, म्हणजे आम्ही चोरीच्या मालाचे व्यापारी. आणि खरा चाहता असलं पुस्तक हातात धरणार नाही.

पहिली तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. पाचपैकी चार प्रतींवर आमचं किमतीचं लेबल नेमकं उपशीर्षकातल्या 'अनअथॉराइज्ड' या शब्दावर बसलं होतं. मुद्दाम नव्हे, मशीन हातात घेतलं की जिथे मोकळी जागा दिसते तिथे ते मारलं जातं. पण ज्या एका शब्दावर गिऱ्हाइकाने निर्णय घ्यायचा तोच झाकला गेला, याला सबब नाही. लेबलं आता मागच्या बाजूला गेली आहेत आणि पुस्तक समीक्षेच्या कपाटात.

बाकीचं मात्र मला पटत नाही. कोर्टाने अडवलं ते हे पुस्तक नव्हे. या कोशाचं जे पहिलं हस्तलिखित 2007 साली छापायला निघालं होतं ते न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेलं आणि 8 सप्टेंबर 2008 ला न्यायमूर्ती पॅटरसन यांनी त्यावर कायमची बंदी घातली. भरपाई ठरली 6,750 डॉलर: सात कादंबऱ्या आणि रोलिंगबाईंनीच लिहिलेली दोन छोटी जोडपुस्तकं, अशा नऊ कृतींचे प्रत्येकी 750, म्हणजे कायद्यातला किमान आकडा, कारण पुस्तक बाजारात आलंच नव्हतं. एवढं सगळेच सांगतात. निकालातलं दुसरं वाक्य सहसा कुणी सांगत नाही: कथेबद्दल संदर्भग्रंथ लिहिण्याचा मक्ता मूळ लेखकाकडे नसतो. कोश करणं हा गुन्हा ठरला नाही. लेखिकेची वाक्यंच्या वाक्यं उचलून नोंदी भरणं नडलं. त्यातही ती दोन जोडपुस्तकं जास्त ओरबाडली गेली होती, कारण ती स्वतःच कोशासारखी आहेत. त्यांच्या नोंदी उचलल्या की मूळ पुस्तक घ्यायची गरजच उरत नाही. मग मजकूर नव्याने लिहिला गेला, स्वतःचं भाष्य वाढवलं गेलं आणि जानेवारी 2009 मध्ये ही सुधारित आवृत्ती निघाली. तुमच्याकडे आहे ती हीच.

आता चाहत्यांचं. ज्याने हा कोश केला तो शाळेतला ग्रंथपाल. 2000 साली त्याने या नोंदी वेबसाइटवर फुकट मांडायला सुरुवात केली. 2004 मध्ये रोलिंगबाईंनी स्वतः त्या साइटचं कौतुक केलं. लिहिताना एखादा तपशील अडला तर पुस्तकाच्या दुकानात जाऊन आपलंच पुस्तक विकत घेण्यापेक्षा इंटरनेट कॅफेत शिरून तिथे पाहते, असंही सांगितलं. (दुकानदार म्हणून हे वाक्य मला जरा लागतं.) चार वर्षांनी त्याच माणसाला साक्षीत विचारलं गेलं, तू अजून स्वतःला या चाहत्यांपैकी समजतोस का? तो रडला. तोवर कितीतरी चाहत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. त्याचं पहिलं हस्तलिखित चुकलंच होतं, ते मीही दुकानात ठेवलं नसतं. पण सातही भाग ओळीओळीने चाळून नोंदी काढणाऱ्याला चाहत्यांतून काढायचं, तर यादीत उरणार कोण?

लेखकाची परवानगी हीच कसोटी धरली तर कपाटात फक्त लेखकाला आवडलेली समीक्षा राहील. माझी कसोटी वेगळी आहे. एखाद्या कथेवरचं नवं संदर्भपुस्तक आलं की मधलीच एखादी नोंद काढतो आणि मूळ प्रकरण शेजारी उघडतो. वाक्यं तीच, फक्त क्रम अकारविल्हे, असं दिसलं की खोका परत. नुसत्या प्रश्नमंजुषाही घेत नाही. साइनफेल्ड या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेवर 643 प्रश्नांचं एक पुस्तक निघालं होतं, तेही 1998 मध्ये अपिलात हरलं, कारण प्रश्नही मालिकेतून आणि उत्तरंही; लेखकाचं स्वतःचं असं त्यात जवळपास काहीच नव्हतं.

तुमच्या प्रतीतली कुठलीही नोंद अशी ताडून पाहा. एखादी जशीच्या तशी उचललेली सापडली तर पान क्रमांक कळवा, मी पुन्हा तपासेन. आणि पुस्तक नकोच असेल तर परत आणा, पूर्ण पैसे मिळतील. बिल नसलं तरी चालेल, आत पेन्सिलीच्या खुणा केल्या असल्या तरीही. चूक लेबलाची होती.

— दुकानाचा मालक