बाप्तिस्म्याआधी हिशेब मांडा, आणि मंडळीनेही आपला वाटा ठरवावा

बाप्तिस्म्याच्या तयारीत आपण दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची कबुली) पाठ करून घेतो. ते हवंच. पण बायबलच्या लूक 14 मध्ये प्रभू येशूने आधी करायला सांगितलेली गोष्ट मात्र राहून जाते. ती म्हणजे बसून खर्चाचा हिशेब करणं. मोठा समुदाय मागे चालत असताना त्याने बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टान्त दिला आणि गर्दी कमी होईल याची फिकीर केली नाही. आपण संख्येकडे बघतो आणि किंमत सांगायची टाळतो. कोल्हापूर-पन्हाळ्याकडच्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, यावर गंभीरपणे बोलायला हवं.

पहिली किंमत घरात द्यावी लागते. घरी जोतिबाचे खेटे असतील तर माघातले रविवार आणि उपासना एकाच दिवशी येणार. आईला काय सांगायचं ते त्या पहाटे नाही, कितीतरी आधी ठरवा. आणि सांगताना तिच्या श्रद्धेबद्दल एकही वावगा शब्द नको. आईबापांचा द्वेष करावा असं लूक 14:26 सांगतो म्हणून घर तोडणारे आहेत. पण मार्क 7 मध्ये देवाला अर्पण केल्याच्या नावाखाली आईबापांचं पोषण टाळणाऱ्यांना त्याच येशूने झापलं आहे. वडिलांची औषधं बंद करून टाकलेला दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) त्याने मागितलेला नाही.

नवराबायकोचं आणखी अवघड. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंना काही वर्षं त्यांच्यापासून वेगळं राहावं लागलं. निर्णय एकाचा, किंमत दोघांची. म्हणून जोडीदाराला शेवटी कळता कामा नये. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण ठरू शकतं, हेही दोघांना माहीत असावं.

कागदपत्रांचं स्पष्ट बोलतो. अनुसूचित जातीचा दर्जा 1950 च्या आदेशानुसार हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. मला हा अन्याय वाटतो. पण दाखल्यावर एक आणि मंडळीच्या रजिस्टरवर दुसरं, असं आयुष्यभर जगायला मूक संमती देणारे आपण त्या माणसावर खोटेपणाचं ओझं टाकतो. जमिनीचंही बघा. केवळ धर्म बदलल्याने स्वतःचा वारसाहक्क जात नाही, पण हिंदू वारसा कायद्याचं कलम 26 धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या वारशापासून दूर ठेवतं, वारसा खुला होताना ती मुलं हिंदू नसतील तर. बाप्तिस्म्याआधी एकदा वकिलाकडे जाऊन या.

आता परतफेड. यावर वर्गात सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा आणि सर्वांत कमी दिला जातो. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि फसवून घेतलेल्याच्या चौपट परत करायचं कबूल केलं. लेवीय 6 मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा असा नियम आहे. एक लाख बुडवले असतील तर एक लाख वीस हजार. तिथून सुरुवात करा. वही घेऊन बसा, ज्यांचं घेतलंय त्यांची नावं आणि रकमा लिहा. शेजाऱ्याचा बांध कोरला असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज स्वतः करा, फी स्वतः भरा. बहिणीकडून गोड बोलून हक्कसोडपत्र करून घेतलं असेल तर तिचा हिस्सा तिच्या नावावर करा, नुसती साडी देऊन भागत नाही. दुकानाचा काटा हलका असेल तर आजच दुरुस्त करा.

चुकतं कुठे? भक्तिसभेत रडून सगळं कबूल करतात आणि तिसऱ्या हप्त्याला हात आखडतो. म्हणून रक्कम झेपेल अशा हप्त्यांत आणि लेखी ठरवा. दुसरी चूक म्हणजे फसवलेल्या माणसाचे पैसे देणगी म्हणून मंडळीला देणं. गणना 5 मध्ये क्रम स्वच्छ आहे: ज्याचं नुकसान झालं त्याला, तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला, तोही नसेल तरच याजकाकडे. पाळकांनी असे पैसे घेऊच नयेत. तिसरी चूक साक्ष देतानाची. आपलं पाप सांगताना दुसऱ्याचं नाव उघड करण्याचा हक्क कुणालाच नाही.

एवढं सगळं उमेदवाराने एकट्याने सोसायचं का? मार्क 10:30 मध्ये घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं शंभरपट, आणि तीही याच काळी, देण्याचं वचन आहे, सोबत छळही सांगितला आहे. ही घरं आणि भाऊबहिणी आभाळातून पडत नाहीत, ती बाकावर शेजारी बसलेली माणसं आहेत. अमेरिकन मिशनरी वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, त्यानंतरच्या मिशनच्या काळात शाळा आणि दवाखान्यांचा आधार होता. आज तो आधार मंडळीतल्या घरांनीच द्यायचा आहे. घरातून बाहेर पडावं लागलं तर पहिले तीन महिने राहायचं कुठे? मुलीच्या लग्नात वडिलकीने कोण उभं राहणार? अंत्यविधीवरून भावकी आणि मंडळी यांच्यात वाद होऊ नये म्हणून उमेदवाराची इच्छा दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवली का, तिची प्रत पाळकांकडे आहे का, घरच्यांना ती माहीत आहे का?

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाने प्रत्येक उमेदवारासाठी दोन घरं नावानिशी नेमावीत. त्या घरांनी होकार दिल्याशिवाय बाप्तिस्म्याची तारीख देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.