चिकटलेले काका

परवा मंगळवारी संध्याकाळी पावणेसात ते पावणेनऊ माझा उजवा हात ज्ञानमुद्रेत होता. अध्यात्माशी त्याचा काही संबंध नाही. चष्म्याची काडी तुटली होती. ती जोडायला कोपऱ्यावरच्या दुकानातून ती एकेका थेंबाची ट्यूब आणली, थेंब काडीवर पडायचा तो अंगठ्यावर पडला, आणि अंगठा तर्जनीला जो बिलगला तो बिलगलाच. ट्यूबच्या पाठीवर सूचना छापलेल्या असतात. मुंगीच्या अक्षरात. त्या वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा जोडायला ट्यूब लागते. ही व्यवस्था ज्याने लावली तो मला एकदा भेटायला हवा.

बायकोला फोन करावा तर फोन अंगठ्याशिवाय उघडत नाही. दाराची कडी डाव्या हाताने लावताना तोंडाची मदत घ्यावी लागली. असो. समोरच दवाखाना आहे, तिथे गेलो.

काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं, ते सांगितलं. "काय होतंय?" मी नुसता हात वर केला. तिने पाहिलं, ओठ दाबले, आणि मान वळवून आत आवाज दिला, "डॉक्टर, एक चिकटलेले काका आलेत!"

बाहेर आठ पेशंट आणि बॅगा घेऊन उभे असलेले औषध कंपन्यांचे दोन एमआर. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. मी 43 वर्षांचा आहे. 'काका'ची आताशा सवय झाली आहे, 'चिकटलेले' नवीन होतं.

माझ्या शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेले एक खरोखरीचे काका होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, हातात कापडी पिशवी. त्यांनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला, उजेडाकडे धरला, उलटा केला, अंगठ्याचा वास घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आजार डॉक्टरांना कळायच्या आत त्यांना कळला आहे.

"काय लावलंत?"

मी ट्यूबचं नाव सांगितलं.

"हॅ! याला चिकटवणं म्हणत नाहीत. मी 34 वर्षं छापखान्यात होतो, बाइंडिंगला. आमची खळ असायची. मैदा कालवायचा, मंद आंचेवर ठेवायचा, आणि ढवळणारा हात थांबवायचा नाही. थांबला की गुठळी. उतरवताना चिमूटभर मोरचूद."

"मोरचूद? ते तर विष ना हो?" पलीकडच्या बाई म्हणाल्या.

"कसरीला विष! नाहीतर ती सहा महिन्यांत पुस्तक खाते. मी लावलेली रजिस्टरं अजून सरकारदरबारी आहेत. पानं फाटतील, पुठ्ठा सुटणार नाही."

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण भर सभेत चिकटलेला माणूस इभ्रत वाचवायला काहीही बोलतो. मी म्हणालो, "काका, चिकटवण्याला कमी समजू नका. अमेरिकेत एक जण एवढ्या एका विद्येवर खलनायक झालाय."

काका पूर्ण माझ्याकडे वळले. पट्टा बांधलेल्या गुडघ्यासकट.

झालं असं की कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी कॉमिक्स मिळत, आणि वडिलांनी पुस्तकांसाठी दिलेल्या पैशांचं मी तिथे सोनं केलं. त्यामुळे इन्कम टॅक्सचा फॉर्म मला अजून भरता येत नाही, पण जानेवारी 1963च्या 'स्ट्रेंज टेल्स'च्या 104व्या अंकात ह्यूमन टॉर्च नावाच्या सुपरहीरोला छळायला कोण आला होता ते सांगता येतं. स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी मिळून त्याला जन्माला घातलं आणि नाव ठेवलं पेस्ट-पॉट पीट. मराठीत सांगायचं तर खळडब्या पीट. तिघा थोर माणसांना मिळून हेच सुचावं!

"आडनाव?" काकांनी विचारलं.

"पेट्रुस्की."

"शिक्षण?"

"रसायनातला माणूस आहे. चिकटद्रव्य स्वतः शोधून काढलंय."

"शिकलेला दिसतो. मग असल्या धंद्यात का?" काका हळहळले. "बरं, करतो काय?"

"हातात खळीचा डबा, डब्याला नळीने जोडलेली बंदूक. चाप ओढला की खळीची पिचकारी, समोरचा जागच्या जागी. बुटांना खळ लावून भिंतीवरही चढतो."

"म्हणजे खळ तयार करून बरोबर नेतो?"

"हो."

"डबा उघडा?"

"असेल."

"पापुद्रा धरणार! पंख्याखाली दहा मिनिटं ठेवली तर खळ पापुद्रा धरते. आणि नळीतून कशी जाईल? गुठळी अडकेल. ढवळायला कोण आहे त्याच्याकडे?"

"एकटाच आहे."

"एकट्याचं काम नाही," काका म्हणाले आणि त्यांनी आजूबाजूला संमतीसाठी पाहिलं. एका एमआरने मान डोलावली. "आमच्याकडे खळीला एक स्वतंत्र माणूस होता. बरं, या पीटने मिळवलं काय?"

"बँक लुटली. मग सैन्याचं नवं क्षेपणास्त्र पळवून रशियाच्या बाजूला विकायला निघाला."

"खळीच्या जोरावर क्षेपणास्त्र?"

"हो."

"मोरचूद घालत असेल," काका गंभीरपणे म्हणाले.

काउंटरवरची मुलगी एव्हाना नंबर पुकारायचं विसरून ऐकत होती. माझं बोट ठणकायला लागलं होतं आणि या बयेला पीटची गोष्ट ऐकायची होती. आत एमआर एकामागून एक जात होते. ज्यांना काहीही झालेलं नाही त्यांना आधी का घेतात हे मला आजवर कळलेलं नाही. चिकटलेल्या माणसाला मात्र बाकावर बसवून चौकशी.

खरं सांगायचं तर त्या पीटचा मला पुळका आहे. त्याच्याबरोबरीचे खलनायक पाहा. डॉक्टर डूमच्या मालकीचा लॅटव्हेरिया नावाचा अख्खा देश. मॅग्नेटोने हात वर केला की लोखंड हवेत तरंगतं. आणि याच्या हातात बादली. पहिल्या पोशाखात तर तो दुपारच्या चित्रकलेच्या वर्गाला निघालेला वाटतो. 1965मध्ये विझार्ड, सँडमन आणि मेडुसा यांच्या 'फ्राइटफुल फोर' टोळीत त्याची वर्णी लागली. त्याच वर्षी 'फँटास्टिक फोर'च्या 38व्या अंकात त्याने नाव बदलून ट्रॅपस्टर केलं. म्हणजे सापळेवाला. त्या अंकात या चौघांनी फँटास्टिक फोर या नायकांच्या चौकडीला चक्क हरवलं. उपयोग शून्य. जो भेटतो तो 'काय रे पेस्ट-पॉट पीट?' म्हणून दात काढतो. शहरं बुडवणाऱ्यांना लोक घाबरतात, डबेवाल्याला हसतात. बायकांपोरांसमोर ज्ञानमुद्रेत बसून पाहा, मग हसा.

"पण खळीने कोणाचं भलं झालं का?" बाईंनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं, मूळ प्रश्न तोच होता.

मग मी 1964च्या 'अव्हेंजर्स'च्या 6व्या अंकातली गोष्ट सांगितली. बॅरन झीमो नावाच्या दुसऱ्या दुष्टाने कशानेच न सुटणारं चिकटद्रव्य केलं. थॉर, आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका अशी मातब्बर मंडळी, पण उतारा कोणाला सापडेना. शेवटी गेले कोणाकडे? तुरुंगात, पीटकडे. त्याने उतारा दिला आणि बदल्यात सुटका लवकर करून घेतली. त्या झीमोचं तर असं झालं होतं की युद्धात ते द्रव्य अंगावर सांडून तोंडावरचा बुरखाच चेहऱ्याला कायमचा चिकटला.

दवाखान्यात शांतता पसरली.

"मग जेवतो कसा?" काका.

"आणि सर्दी झाली तर?" बाई.

"दाढी?" एमआर.

तेवढ्यात माझा नंबर आला.

डॉक्टरांनी हात पाहिला, साबणाच्या कोमट पाण्यात बुडवला, कापसाने काहीतरी लावलं आणि ओढाओढी न करता बोटं एकमेकांवरून हळूहळू घोळवून सोडवली. दहा मिनिटं. "घरात नेलपॉलिश रिमूव्हर नव्हता का? ॲसिटोनवाला? हे तेच आहे." होता. बायकोच्या कपाटात, दुसऱ्या कप्प्यात, गुलाबी झाकणाचा. पाचशे रुपये.

घरी येऊन त्या ट्यूबच्या कुळाचा शोध घेतला, कारण राग कोणावर तरी काढायचा होता. हॅरी कूवर नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला हे द्रव्य दुसऱ्या महायुद्धात, 1942मध्ये, सापडलं. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, आणि हे जिथे तिथे चिकटतं म्हणून वैतागून बाजूला ठेवलं. इतकी शहाणी माणसं होती. 1951मध्ये पुन्हा काढलं आणि 1958मध्ये बाजारात आणलं, पीटच्या पाच वर्षं आधी. ते घट्ट होतं ते ओलाव्याने. म्हणजे कोरड्या काडीपेक्षा घामेजलेल्या बोटावर त्याचं प्रेम जास्त. घाम का आला होता? तर चिकटेल या भीतीने.

काडी अजून तुटलेलीच आहे. दोऱ्याने बांधली आहे.

काल सकाळी मंडईत गवार निवडत होतो. मागून खणखणीत आवाज आला, "काय हो पीट, सुटलात का?"

गुडघ्याचा पट्टा, कापडी पिशवी. मी ऐकलं नाही असं दाखवून पुढे जाऊ शकलो असतो. पण मी वळून पाहिलं. भाजीवाल्याने, माझ्याकडे बघत, गवार तोलता तोलता विचारलं, "पीटसाहेब, पाव किलो की अर्धा?"